पिटुकलीची शेवटची कांडी

मी एक म्हातारी, थोराड, काळी गाय आहे. सगळे मला आजीबाई म्हणतात. म्हणू देत बापडे! मला राग येतो तो न ऐकून घेता दटावलं की.

मित्रांनो, आमच्या छोट्याशा शेतावर काका, काकू आणि आम्ही दोघी गायी. दुसरी पिटुकली. वाढ पूर्ण झालेली, पण उंची जेमतेम काकूंच्या कमरेएवढी. तिला वासरू व्हावं म्हणून काकूंचा जीव नुसता वरखाली होत होता.

पण साध्या वळूचं वासरू तिला झेपलं नसतं, दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. तिच्या जातीचा एकुलता एक बुटका वळू मागच्या वर्षी वारला. त्याचं बीज तेवढं गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या थंडगार डब्यात, बारीक नळ्यांमध्ये गोठवलेलं होतं. अशा नळीला कांडी म्हणतात. कांड्या होत्या तीनच. गाय माजावर आली, म्हणजे गाभण राहण्याची तिची वेळ आली, की डॉक्टरीणबाई कांडी कोमट पाण्यात धरतात आणि बीज गायीच्या गर्भाशयात सोडतात. ही वेळ दिवसभरही टिकत नाही. ती हुकली की कांडी वाया.

पहिली वाया गेली. दुसरीही गेली. कारण पिटुकली पडली मुखदुर्बळ! इतर गायी हंबरून गोठा डोक्यावर घेतात, ही हूं की चूं करत नाही.

मला मात्र वासावरून कळायचं. मी जवळ जाऊन तिच्या पाठीवर हनुवटी टेकवायचे. आम्हा गायींची रीतच ती. पण काका धावत यायचे. "ए धटिंगण! चिरडशील तिला!" आणि मला भिंतीपलीकडे बांधायचे. मग कॅलेंडरवर बोट ठेवून अंदाजाने दिवस ठरवायचे. आता काय बोलावं या माणसाला!

तिसऱ्या वेळी मी भिंतीपलीकडून सकाळपासून हंबरत होते.

"हिला किती घाला, पोट भरतच नाही," काका करवादले. मला रडूच आलं, खोटं नाही सांगत.

काकू मात्र थबकल्या. "अहो, चारा समोर तसाच पडलाय. तिने तोंडसुद्धा लावलं नाही." त्यांनी माझा दोर सोडला. मी तडक पिटुकलीकडे गेले आणि हनुवटी टेकवली. पिटुकली जागची हलली नाही.

काकूंनी लगेच फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शांत उभी राहतेय ना? म्हणजे माजावर आलीय. संध्याकाळी येते. आणि काकू, त्या म्हातारीला तिच्याजवळच राहू द्या. ती कधीपासून तेच सांगतेय तुम्हाला."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई पोत्यावर गुडघे टेकून बसल्या, इतकी पिटुकली ठेंगणी. शेवटची कांडी बाहेर आली. काका माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते.

नऊ महिन्यांनी वासरू झालं, मांजरापेक्षा जरासंच मोठं! दुसऱ्या दिवशी ते धडपडत माझ्याच पायांत शिरलं आणि दूध शोधू लागलं. माझ्याकडे दूध कुठलं? तरी मी पाय हलवला नाही. काका धावले, पण अर्ध्या वाटेत थांबले. "असू दे," म्हणाले, "आजीबाई सांभाळतील." मित्रांनो, मला भरून आलं.

घरातलं कुणी म्हातारं सारखं ओरडत असेल, तर त्याला लांब बसवू नका. जवळ जा, काय म्हणतंय ते बघा. आमच्याकडे चौथी कांडी नव्हती.