चार बोटांचा कल

स्पेनमधल्या बराकाल्दोत नदीकाठी आमची पोलादाची भट्टी होती, तिथे आता हिरवळ आहे आणि हिरवळीवर पोलादाच्या तीन उंच प्लेटा. मधलीचा वरचा भाग नदीकडे चार बोटं कललेला. सहलीच्या पोरांना शाळेच्या बाई सांगतात, हा कल म्हणजे गेलेल्या दिवसांची ओढ. ओढ कसली डोंबलाची! तो माझा माज आहे.

जाड प्लेटेवर प्लेट जोडायची तर दोन वेल्डर लागतात, एक या अंगाला, एक त्या. दोघांनी एकाच चालीने सरकायचं, नाहीतर तापल्या बाजूला प्लेट ओढली जाते. एलादिओ आणि मी बावीस वर्षं असंच काम केलं. तो दिसायचा नाही, पण पलीकडच्या आवाजावरून कुठवर आलाय ते मला कळायचं.

कारखाना बंद होताना बाकीचे अडून बसले होते, तरी मी भरपाईच्या कागदावर सगळ्यांच्या आधी सही केली. एलादिओ भर बारमध्ये ओरडला, "साबिनो, विकला गेलास तू!" तेव्हापासून बोलणं बंद. संध्याकाळी वाइन प्यायला तो खालच्या बारमध्ये, मी वरच्या.

सहा वर्षांनी शिल्पकार बाईंनी मला या कामावर बोलावलं. "दुसऱ्या बाजूला कोण?" त्यांनी विचारलं.

"कुणी उरलं नाही. मी एकटा पुरे," मी म्हणालो. एलादिओचं घर तिथून दिसत होतं.

आधी एक बाजू केली, मग दुसरी. प्लेट कलली. बाईंनी मागे सरून बघितलं, म्हणाल्या, "असू दे, छान दिसतंय."

उद्घाटनाला एलादिओ आला. सांध्यावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे न बघता गेला. मनात हसत असणार, मला वाटलं.

या जानेवारीत तो वारला. मी त्याच्या बायकोला, विसीला, भेटायला गेलो.

"प्लेटा आल्याचं कळलं तसा त्याने वेल्डिंगचा मास्क बाहेर काढला, नवी काच बसवली," ती म्हणाली. "रोज दाढी करून खिडकीशी बसायचा. म्हणायचा, साबिनोला एकट्याला जमायचं नाही, येईल तो बोलवायला."

"मग स्वतःच यायचं होतं!"

"बारमध्ये तसं बोलून बसलेला. कुठल्या तोंडाने येणार होता, बाबा?"

"आणि उद्घाटनाच्या दिवशी? हसला असेल मला."

"जेवला नाही त्या दिवशी. 'माझी बाजूही त्यानेच केली, विसी, आणि मी इथे बसून राहिलो,' एवढंच म्हणाला."

मला रडू आवरेना. इतक्या वर्षांनी त्याच्या घरात बसलो होतो, आणि तोच नव्हता.