दोन नावांची मालकीण आणि मी

मित्रांनो, दचकू नका! मी एक जुनी एकनळी बंदूक आहे खरी, पण या घडीला माझ्या पोटात काडतूस नाही, आणि आजवर मी साधी चिमणीही मारलेली नाही. मागचं वर्षभर मी शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात जाळीच्या कपाटात उभी होते. उभं राहून राहून माझा जीव अगदी आंबून गेला होता. तिथं काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

कारखान्यात माझी नळी घडली, लाकडी दस्ता बसला आणि अंगावर एक नंबर ठोकला गेला. लोहाऱ्याजवळच्या गावातल्या कल्याणप्पांनी शेताच्या राखणीसाठी मला विकत घेतलं. रानडुकरांचा कळप ज्वारीत शिरला की एका रात्रीत वावराचं मैदान होतं. पण कल्याणप्पा पडले गळ्यात लिंग बांधलेले. जीव घेणं त्यांना मंजूर नव्हतं. ते माझं तोंड आभाळाकडं करायचे आणि एकच बार उडवायचे. धडाम! डुकरं शेपट्या वर करून पसार! लोक हसायचे, "कल्याणप्पाची बंदूक म्हंजी नुसता आवाज!" हसेनात का! मला त्या आवाजाचा अभिमान होता. निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा करत, आणि तिथं मी धूळ खात पडायचे. घरी आले की कल्याणप्पा आधी तेलाच्या फडक्यानं मला पुसत, मग चहा पीत.

त्यांचं लग्न झालं तेव्हा मी भिंतीवर होते. पाहुण्यांनी मांडवात बार काढायचा आग्रह धरला, तर "बंदूक म्हंजी काय वरातीतला ताशा हाय व्हय?" म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. नवरी कर्नाटकातली, नाव शरणम्मा. आपल्याकडं नव्या सुनेचं नाव बदलायची रीत. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. कल्याणप्पांचा धाकटा भाऊ मल्लेश तेव्हा लहान होता आणि त्याची आई नुकतीच गेली होती. तो हटूनच बसला, "वैनीचं नाव अव्वाचंच ठिवा!" अव्वाचं, म्हणजे त्याच्या आईचं नाव महादेवी. कल्याणप्पांनी तेच लिहिलं. शरणम्माला कुणी काही विचारलं नाही. पण तिनं ते नाव असं निभावलं, की त्या पोराला आई परत मिळाली.

मागच्या साली कल्याणप्पा वारले. परवाना ज्याच्या नावावर तो गेला, की बंदूक घरात ठेवता येत नाही, म्हणून मी दुकानात आले. दुकानदार कृष्णराज शेठ. माणूस सज्जन, पण कागदापुढं त्यांच्याजवळ देवाचंही चालायचं नाही.

एक दिवस महादेवी नवा परवाना घेऊन आली. मला वाटलं, चला, सुटले एकदाची!

"शेठ, डुकरांनी हरभरा पार उकरून टाकलाय," ती म्हणाली. "आमची बंदूक द्या."

शेठनी परवाना बघितला, आधार कार्ड बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, परवान्यावर महादेवी आणि आधारवर शरणम्मा. मी बंदूक कुणाच्या हाती देऊ?"

"यव्वा! दोन्ही मीच की वो! आई आजारी व्हती तवा म्या माहेरी व्हते, तिथंच आधार काढलं."

"मला पटतंय. पण उद्या दुसरं कुणी असंच सांगत आलं तर? बंदूक आहे ही, भाजी नव्हे."

मला राग आला, पण शेठचं चुकलं असं काही म्हणवेना. त्यांनी वाट सांगितली. दोन्ही नावांची बाई एकच, असं सासरच्या माणसानं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं आणि कचेरीत नोंद करून आणायची. नाहीतर परवाना दिराच्या नावावर करायचा. त्याचे कागद चोख होते.

सासरचं माणूस आता मल्लेश एकटाच उरला होता. तो दुसऱ्या दिवशी आला, पण प्रतिज्ञापत्र द्यायला नव्हे! "माझ्या नावावर करायचं तर काय काय लागंल?" असं त्यानं विचारलं. शेठ फोनवर बोलायला आत गेले. मल्लेशनं जाळीला तोंड लावलं आणि हळूच म्हणाला, "ये एकदा माझ्या हातात. मग दावतो सिदूला, बांध कुणाचा हाय त्यो."

सिदू म्हणजे त्यांचा शेतशेजारी. माझी नळी आतून गार पडली. अहो, ओरडून सांगू तरी कसं? मला तोंड एकच, आणि ते उघडलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सरळ बाईचे कागद वाकडे आणि वाकड्या डोक्याच्या माणसाचे कागद सरळ! त्या दिवसापासून दुकानाचं दार वाजलं की मला धस्स व्हायचं.

शेवटी दोघं मिळून आले. मल्लेश मान वळवून उभा. महादेवी शेठना म्हणाली, "ह्यो लिहून देत न्हाय. ऱ्हाऊ द्या. म्या महादेवी नाव टाकूनच देते. रेशन कार्ड, सातबारा, परवाना, समद्यावर शरणम्मा करून घेते. येळ लागंल तर लागू दे. माझ्या बापानं ठेवलेलं नाव हाय."

मल्लेशनं चमकून बघितलं. "वैनी, ते अव्वाचं नाव हाय!"

"व्हय, तुझ्या अव्वाचं. लोकाचं नाव म्या इतकी वर्सं जपलं, कुणासाठी? तुझ्यासाठी. तुलाच नगं झालं, तर म्या एकटी कुठवर वागवू?"

मल्लेश मटकन स्टुलावर बसला. एवढा बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा रडला. मग शर्टाच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाला, "शेठ, काय लिहायचं ते सांगा. आन् बंदूक माझ्या नावावर नगंच. माझं डोस्कं लई तापतंय."

मित्रांनो, मी सुटकेचा असा श्वास टाकला, की कपाटाची जाळी हलली असेल.

कचेरीतली नोंद होऊन मी निघाले, तेव्हा मल्लेशनं मला उचलायला हात पुढं केला. शेठ म्हणाले, "अंहं! परवाना जिचा, हात तिचा." मग लोहाऱ्यापर्यंत जीपमध्ये मी महादेवीच्या मांडीवर होते. त्याच संध्याकाळी डुकरं शेतात शिरली आणि तिनं माझं तोंड आभाळाकडं केलं. धडाम! बांधापलीकडून सिदू ओरडला, "वैनी, माझ्या रानातली बी पळाली बघा!" मल्लेश हसला.

तर मित्रांनो, कुणाचं नाव बदलायच्या आधी त्याला एकदा विचारत जा. आपले कागद वेळेवर जुळवून ठेवा. शेठसारख्यानं अडवलं तर चिडा हवं तर, पण शिव्या देऊ नका. माझा नंबर जन्मापासून एकच आहे, त्यात माझी काही हुशारी नाही. मला कुणी सासरी नांदायला पाठवलं नाही, एवढंच. मला कुलपात ठेवा, तेलाचा हात फिरवा, आणि मी कुणाच्याही हाती असले तरी माझं तोंड आभाळाकडंच राहू द्या.