अंगठीतून कापलेला तुकडा

भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं, तिनंच मोडलं, आणि घरात पहिली वादावादी झाली ती अंगठीवरून.

"कोणी परत मागितलीय का? मग राहू दे की," आत्याचा भाऊ म्हणाला.

"अरे, ती काय दुकानातून आणलीय? मुलाच्या आजीच्या बोटातली आहे ती," आत्या म्हणाली. "माणूस नको म्हटलं की त्याच्या घरचं सोनंही नको. मी नेऊन देते."

भाचीनं अंगठी काढून तिच्या हातात ठेवली.

"मुलगा चांगला होता गं," आत्या हळूच म्हणाली. "तुला हवा तरी कसा?"

"मी गप्प बसले तर दर पाच मिनिटांनी 'रागावलीस का' असं विचारणार नाही, असा."

आत्याच्या डोळ्यांपुढे मुलाची आजीच आली. लग्न ठरल्यापासून दर मंगळवारी दुपारी त्या दोघी आजींच्या घरी शब्दकोडं सोडवायला बसत. अर्धा अर्धा तास कोणी अवाक्षर काढत नसे. नवरा गेल्यापासून आत्याला असं गप्प बसायला कोणी भेटलं नव्हतं. आता त्या दारात कुठल्या तोंडानं जायचं?

मंगळवारी ती गेली. आजींनी नेहमीसारखाच चहा टाकला. ज्यावर कोडी सोडवत त्याच कोपरा उडालेल्या टेबलावर आत्यानं अंगठी ठेवली. आजींनी ती बोटात घालून पाहिली, तर सांध्याशीच अडली. भाचीच्या बोटासाठी ती लहान करून घेतली होती ना!

"आता पुन्हा मोठी करायला हवी," आजी म्हणाल्या. "सोनारानं कापलेला तुकडा दिला होता ना तुमच्याकडे, आत्याबाई?"

आत्याचा हात पिशवीत गेला. तुकड्याची पुडी चष्म्याच्या डबीतच होती. डबी हाताला लागलीही. पण एवढं दिलं की या घरात परत यायला काही कारणच उरणार नव्हतं.

"घरी राहिला," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

"बरं." आजींनी वर्तमानपत्र पुढे सरकवलं. "निघण्याआधी एवढं तेरावं आडवं बघा. सकाळपासून छळतंय मेलं."

आत्यानं सवयीनं डबी उघडली. चष्म्याबरोबर पुडी टेबलावर पडली, उलगडली, आणि नखाएवढं सोनं चहाच्या कपाशी जाऊन थांबलं.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आजींनी तुकडा चिमटीत धरला, पुडीत बांधला, पुडी डबीत ठेवली आणि झाकण लावलं.

"घरी राहिलाय म्हणालात ना? मग पुढच्या मंगळवारी आणा. आधी सोनाराकडे जाऊ. त्याच्या दुकानाचा जिना माझ्याच्यानं एकटीनं चढवत नाही."

आत्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. तो पुसायला हवा होता.

"तेरावं आडवं ना?" ती म्हणाली. "किती अक्षरी?"