दोनदा बुजवलेला खड्डा

माझ्या थापा साऱ्या कूबर पीडीला, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या आमच्या खाणगावाला, पाठ आहेत. उन्हापायी आम्ही घरं जमिनीखाली खोदतो; आमच्या गावातल्या सावल्यासुद्धा दुपारी जमिनीखालच्या घरात झोपायला जातात, असं मी एका जर्मन पाहुण्याला सांगितलं, तर त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. पण आता सांगते ते खरं आहे. खोटं असतं तर बरं झालं असतं.

माझी सगळ्यात लाडकी थाप अशी, की अठ्ठ्याहत्तर साली माझा नवरा वेल्को ओपलच्या, म्हणजे रंगीत रत्नखड्यांच्या, खाणीत अडकला, दिवा विझला, तेव्हा मी दोरीला लटकून नव्वद फूट खाली उतरले आणि त्याला पाठीवर घेऊन वर आले. आधी ते चाळीस फूट होते, दर वर्षी थोडे वाढत गेले. वेल्को नुसता मिशीत हसायचा.

जानेवारीत नात आली, मिलेना, ॲडलेडहून. तिनं आमच्या कॉम्प्युटरला माइक लावला, आजोबाला नेमकं तेच विचारलं आणि त्याला एकट्यालाच मोकळं बोलू दे म्हणून बाहेर जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात होते. त्यानं जे खरं होतं ते सांगून टाकलं. पुढच्या खेपेला ऐकू म्हणून ती ते न ऐकताच परत गेली, मग मी ते ऐकलं आणि पुसलं. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. आपल्याविरुद्धचा पुरावा घरात कोण ठेवतं? वेल्कोला सांगितलं तर म्हणाला, "पुस. मी आहे ना, परत सांगेन."

मग तो आजारी पडला आणि मार्चमध्ये गेला. कॉम्प्युटर तेव्हापासून बंदच होता.

चाळिसाव्याच्या, म्हणजे माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतो त्या, जेवणाला आठवडा असताना मिलेनाचा फोन आला. "आजी, आजोबांचा आवाज तेवढाच आहे बघ. त्या दिवशी सगळ्यांना ऐकवू."

"ऐकवू की," मी म्हटलं. जीभच तशी माझी.

आता आमच्याकडे हरवलेलं शोधायची रीत एकच. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे गावभर पडलेत. आम्ही बाया चाळणी घेऊन बसतो आणि त्यातून सुटलेलं ओपल वेचतो. वरचं संपलं की ढिगारा खालीवर करायचा, मग खालचं वर येतं. माझा सगळ्यात चांगला हिरवा खडा मला तिसऱ्यांदा उपसलेल्या ढिगाऱ्यात मिळाला.

आणि कॉम्प्युटरमध्येही तशी सोय होती, डिफ्रॅग नावाची. आमची नोलीन, आधी पोस्टात होती, आता सगळ्यांची कॉम्प्युटरं दुरुस्त करते, तिनंच शिकवलेलं: विखुरलेले तुकडे एका जागी येतात, जुनं डबडं जरा पळायला लागतं. मी म्हटलं, सगळं खालीवर होणार, म्हणजे वेल्को वर येणार.

सकाळी कॉफी केली आणि चालू केलं. पडद्यावर रंगीत चौकोन सरकायला लागले. मी समोर बसून "ये वर, ये," म्हणत होते. पाच तास लागले. वेल्को आला नाही. मी परत चालवलं.

मग नोलीनला बोलावलं.

"यागोडा, पुसल्यावर पहिला फोन मला करायचा की नाही?"

"तुला सांगणं म्हणजे गावाला सांगणं."

"अगं, पुसलं म्हणजे यादीतलं नाव तेवढं जातं. माल तिथंच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही येईपर्यंत. इतके दिवस मशीन बंद होतं. मी बहुतेक काढून दिला असता."

"मग मी उपसलं ते काय?"

"तू उपसलं नाहीस गं. एकेक तुकडा उचलून रिकाम्या जागेत ठेवलास. वेल्को त्याच रिकाम्या जागेत होता. खड्डा बुजवलास तू. तोही दोनदा."

"तूच म्हणालीस ना, चांगलं असतं म्हणून?"

"चांगलंच असतं. काही हरवलेलं नसेल तेव्हा."

तरी ती दुपारभर खटपट करत राहिली. चार सेकंद मिळाले. त्यात मी स्वयंपाकघरात भांडी आपटतेय.

चाळिसाव्याला सगळे जमले. साखर-अक्रोड घातलेले गहू शिजवले होते, प्रत्येकानं चमचाभर घेतले. मिलेना म्हणाली, "आजी, लाव ना आता."

मी उभी राहिले. मी पुसलं म्हणून सांगितलं. मग त्यात वेल्को काय म्हणाला होता तेही सांगितलं. की मी खाली उतरलेच नव्हते. दोरी धरायचा धीर झाला नाही, म्हणून खाणीच्या तोंडाशी पालथी पडून त्याच्या नावानं ओरडत होते. आणि तो म्हणाला होता, अंधारात काही दिसेना, मी तिच्या आवाजाच्या दिशेनं सरपटत आलो.

मग शेजारचा द्रागन हळूच हसला. "ही नवीन काढली वाटतं. पण वहिनी, नव्वद फुटांची जास्त रंगते."

"आजी, आज तरी नको गं," मिलेना म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली.

मी वेल्कोची शपथ घेतली. ती तर मी प्रत्येक थापेला घेत आले होते.