कुंदाच्या पाण्याची मंजुरी

पोहण्याच्या तलावाच्या अर्जाची पोच मिळाली, त्याच दुपारी पाणी येऊन आमच्या अंगणात उभं राहिलं. खड्डा खणलेला नव्हता, भिंती नव्हत्या. जास्वंदीपासून फाटकापर्यंत, छातीइतक्या उंचीचं, चारी बाजूंनी सरळ कापल्यासारखं स्वच्छ पाणी. एवढी कसली घाई, असं मला वाटलं. पण दारात आलेल्याला चल नीघ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

कुंदा म्हणजे माझी बायको. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. पायरी उतरायची तर माझा हात लागतो, आणि उतरता उतरता ती माझ्यावरच करवादते, जशा काही त्या पायऱ्या मीच रचल्यात. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. गावात तलाव एकच, तोही दुरुस्तीसाठी बंद. कधी उघडणार ते तलावालाच ठाऊक. तेव्हा मी म्हटलं, घरीच करू छोटासा. एके काळी कुंदा काय तुरुतुरु चालायची. ती चाल मला एकदा परत बघायची होती, बाकी मला पोहण्याबिहण्याशी काही देणंघेणं नाही.

कुंदाने पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तर कोरडा.

"अहो, हे ओलंच करत नाही."

"मंजुरी कुठे आलीय अजून," मी म्हटलं.

तरी ती माझा खांदा धरून आत जाऊन उभी राहिली. गुडघे होते तसेच दुखले. मंजुरी नसलेलं पाणी भारही उचलत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग नगरपालिकेचे कोळेकर साहेब टेप घेऊन आले. सभ्य माणूस. चपला काढून पाण्यातून आरपार चालत गेले, कोरडे बाहेर आले, आणि टेपचं टोक आमच्या हॉलच्या भिंतीला लावून उभे राहिले.

"घर आणि पाणी यांच्यात अंतर कमी पडतंय, काका."

"मग पाणी थोडं पलीकडे घेऊ?"

"पाणी नकाशात आलंय. ते हलत नाही. घर सरकवा."

घर सरकणार कुठे? मागे लगेच दुसऱ्याचं कंपाउंड. घर समंजस, त्याने अंग चोरलं. सकाळी उठलो तर हॉल नव्हता. सोफा आमच्या पलंगावर चढून बसला होता आणि टीव्ही कुंदाच्या कुशीत होता.

पुढच्या वेळी पंपाची जागा कमी पडली, तेव्हा बेडरूम गेली. त्यानंतर शेजारच्या पोंक्षे वहिनींची हरकत आली. पाणी दिवसभर त्यांच्या खिडकीत बघतं म्हणे. कुंदाने पाण्याला समजावलं तशी त्याने पाठ फिरवली. पाण्याला पाठ असते. पण ती वळवायला त्याला जागा लागली, आणि ती जागाही घरातूनच गेली.

आता स्वयंपाकघर तेवढं उरलं, तेही ओट्यापुरतं. आम्ही दोघं ओट्याला टेकून समोरासमोर उभे. बसायची सोय नाही. मला राग आला होता, नाही असं नाही. उभं राहून कुंदाचे गुडघे सुजले होते आणि ती ओठ मिटून भाजी चिरत होती.

"कोपर काढा की तुमचं."

"कुठे ठेवू? तूच सांग."

"ठेवा माझ्या खांद्यावर. नाहीतरी काय उपयोग आहे त्याचा."

मी ठेवलं. कित्येक वर्षांत आम्ही इतके जवळ उभे राहिलो नव्हतो. तिच्या केसांना फोडणीचा वास येत होता. "काढून टाकू का अर्ज?" मी विचारलं. तिने सुरी बाजूला ठेवली.

"माझ्यासाठी इतकं लहान झालं हे घर," ती म्हणाली. "आता मागे नाही यायचं."

कोळेकर साहेब आले तेव्हा त्यांना आत उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी खिडकीतूनच टेप लावला आणि मान डोलावली. अंतर भरलं होतं. मग पुढे होऊन त्यांनी पाण्यावर शिक्का मारला. जांभळा गोल पाण्यावर जरा वेळ तरंगला आणि विरघळला. पाण्यातून पहिल्यांदा आवाज आला, आणि साहेबांच्या बाह्या ओल्या झाल्या.

"उतर आधी," मी कुंदाला म्हटलं.

"अशीच उतरू? इतके दिवस आपल्या दारात उभी आहे बिचारी. आधी ओटी भरते."

तिने हळदकुंकू लावलं, खण, तांदूळ, नारळ घेतला, आणि पाण्याची ओटी भरली. पाण्याने सगळं नीट पोटाशी धरलं.

ओटी भरतात ती निघणाऱ्या बाईची. कुंदाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. किती जणींना तिने उंबऱ्याशी थांबवून, ओटी भरून निरोप दिलाय. पण आनंदात माणसाचं भान सुटतं. ओटी भरल्यावर कुणीही करील तेच पाण्याने केलं. ते खाली वाकलं, नमस्कार केला आणि फाटकाकडे निघालं.

"आता नाही थांबवता येणार," कोळेकर साहेब हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं.

कुंदा जराशी ओशाळली. मग तिने साडी सारखी केली.

"मी हिला कोपऱ्यापर्यंत सोडून येते," ती म्हणाली, आणि पाण्यात शिरली.

पाणी रस्त्याला लागलं. आत कुंदा चालत होती. आधी हळू, चाचपत, मग नीट, मग तुरुतुरु. माझा हात नव्हता, कुणाचाच नव्हता. तिचा पदर वर तरंगत होता आणि ती हसत होती. मला इतका आनंद झाला की हाक मारायचं राहूनच गेलं. मागे घराने अंग सैल सोडलं, हॉल परत आल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं नाही.

कोपरा आला तरी पाणी थांबलं नाही. ते वळलं, तेव्हा कुंदा पळत होती.

मी रस्त्यावर आलो. पाणी गेलं तिथे बाकी थेंबही नव्हता, फक्त कुंदाची पावलं ओली होती. ऊन कडक होतं. माझ्या पायाशी होती ती पावलं वाळली, मग त्यांच्या पुढची. मी चपला काढल्या आणि अजून ओलं होतं त्या पावलावर पाय ठेवला. तिथून पुढचं पाऊल माझ्या ढांगेबाहेर होतं.