उन्हाळ्यापुरतं मांजर

राकेल पीठ मळत नव्हती, बडवत होती. लोणी, दूध आणि कुटलेला वेलदोडा घातलेला तो मऊ गोळा टेबलावर असा आपटला जात होता की खिडकीतल्या कुंड्या हादरत होत्या. तिची नणंद हेल्वी समोर बसून बागेतली सफरचंदं सोलत होती. हेल्वीनं जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली. लोकांच्या सबबी ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, आणि तोंडाला तर कुलूप कधीच नव्हतं.

"कोणाचा गळा धरलायस गं?" तिनं विचारलं.

राकेलनं हनुवटीनंच खिडकीबाहेर दाखवलं. तळ्याकाठच्या शेजारच्या घरासमोर यार्को गाडीच्या टपावर सायकली बांधत होता. त्याची बायको पिरिता गाद्या झटकत होती. मुलं गोट्यांसारखी इकडून तिकडे पळत होती. आणि त्या सगळ्यांच्या पायात पायात, बर्चच्या पिवळ्या पानांवर झडप घालत, एक राखाडी पिल्लू नाचत होतं. पाय पांढरे, जणू मोजे घातलेले. त्या पिल्लाला वाटत होतं, हा सगळा खेळ आपल्यासाठीच चाललाय.

आमच्या फिनलंडात शहरातली माणसं जूनमध्ये तळ्याकाठच्या घरी येतात आणि सप्टेंबर सरताना नळांतलं पाणी काढून, दारं लावून परत जातात. त्यात काही वाईट नाही. पण उन्हाळ्यात मुलांना खेळायला काहीतरी हवं. आसपासच्या गोठ्यांत मांजरीची पिल्लं पैशाला पासरी. एक उचलून आणायचं, तीन-चार महिने मांडीवर घ्यायचं, फोटो काढायचे, आणि जाताना गवतात सोडून द्यायचं. अशा मांजराला आमच्याकडे नावसुद्धा आहे, उन्हाळी मांजर. नाव पडलं की गोष्ट रुळते, आणि रुळलेल्या गोष्टीची कोणाला लाज वाटत नाही.

यार्कोच्या घरातलं हे चौथं पिल्लू. पहिली दोन राकेलच्या कोठारात राहून चांगली गलेलठ्ठ झाली होती, कारण दर हिवाळ्यात तीच त्यांना दूध-मासे घालत आली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. यार्को हसत म्हणायचा, "काकूंचं मांजर-हॉटेल जोरात आहे!" आणि राकेल ते हसण्यावारी न्यायची.

तिसरं मागच्या वर्षीचं, पिवळं. त्या शरदात राकेल आणि तिचा नवरा आर्मास कोठारातली दोन मांजरं हेल्वीकडे ठेवून लेकीच्या बाळंतपणासाठी उत्तरेला गेले होते, ते नाताळाच्या तोंडावर परतले. यार्कोला त्याचा पत्ताच नव्हता. त्यानं नेहमीप्रमाणे मांजर बाहेर काढलं, दार लावलं आणि गाडी सुरू केली. राकेल घरी आली तेव्हा बर्फ गुडघाभर होता. शेजारच्या ओट्यावर काहीतरी पिवळं दिसलं म्हणून ती गेली. मांजर दाराच्या फटीला नाक लावून, अंगाचं मुटकुळं करून पडलेलं होतं. कोठारात गवत होतं, उंदीर होते, आडोसा होता. पण ते तिकडे गेलंच नव्हतं. ते आपल्या माणसांच्या दाराशी थांबलं होतं.

जमीन दगडासारखी गोठलेली. राकेलनं ते खोक्यात घालून लाकडाच्या खोपटात ठेवलं आणि वसंतात माती सैल झाल्यावर बागेत पुरलं. आणि मग काय केलं? जूनमध्ये यार्को नवं पिल्लू घेऊन आला, तेव्हा दरवर्षीसारखी पिठाचे पेड गुंफून भाजलेली गोड पावाची गरम वेणी फडक्यात गुंडाळून त्याच्या घरी नेऊन दिली. "पिवळ्या बोक्यानं बस्तान बसवलं असेल तुमच्याकडे," यार्को म्हणाला. राकेल म्हणाली, "हं."

तो "हं" उन्हाळाभर तिच्या घशात काट्यासारखा रुतून होता. आज सकाळी पहिल्यांदाच तिनं हे हेल्वीला सांगितलं होतं.

"म्हणजे मांजर मेलं, तू पुरलंस, आणि वर त्याला पाव नेऊन दिलास," हेल्वी म्हणाली.

"मारलं नाही गं त्यानं. सोडलं."

"आपल्या थंडीत फरक काय दोन्हीत?"

राकेल म्हणाली की शेजाऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण नाक खुपसायचं नसतं, या काठावर कोणी खुपसत नाही, उद्या नावं ठेवतील. ते खरंही होतं. आम्ही लोक शेजाऱ्याचं छप्पर पेटलं तरी आधी विचार करतो, सांगितलेलं त्याला आवडेल का!

"भीड भिकेची बहीण," हेल्वी म्हणाली. "तुला वाटतं तू दया करतेस. त्यांच्या लेखी तू फुकटची सोय आहेस. ते मांजर तुझ्या पायरीवर सोडतात, आणि त्याबरोबर आपल्या मनाची टोचणीही सोडून जातात. मग शहरात जाऊन गाढ झोपतात. सगळा राग तू पिठावर काढतेस, कारण पीठ बिचारं उलटून बोलत नाही."

"मग काय करू? मुक्या जिवाला उपाशी मारू?"

"मांजराला घाल की खायला. माणसांना घालू नकोस."

राकेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यार्कोचा राग होताच, आता हेल्वीचाही आला, कारण तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं. आणि यंदा पळवाटही उरली नव्हती. ऑक्टोबरमध्ये राकेलच्या खुब्याची शस्त्रक्रिया होती, नंतर वसंतापर्यंत नवरा-बायकोचा मुक्काम लेकीकडे. कोठारातली दोन मांजरं हेल्वी आपल्या घरी नेणार होती. हे पिल्लू नेणार नाही, असं तिनं आधीच बजावलं होतं. नेलं तर पुढच्या जूनला पाचवं येईल, असं तिचं म्हणणं. म्हणजे या पिल्लासाठी यंदा कोणीच नव्हतं. आज कोणी बोललं नाही, तर नाताळापर्यंत आणखी एक खोकं लागणार होतं.

त्या दिवशी काठावरच्या सगळ्या घरांचं सामुदायिक काम होतं. पाणी गोठायच्या आत होड्या आणि त्या बांधायचे लाकडी धक्के किनाऱ्यावर ओढून घ्यायचे आणि मग राकेलकडे कॉफी, ही जुनी रीत. दुपारी मोठी माणसं ओले बूट बाहेर काढून स्वयंपाकघरात दाटीवाटीनं बसली. मुलं किनाऱ्यावर दगड फेकत होती. राकेलनं कॉफी ओतली. पावाच्या वेण्या ओट्यावर फडक्याखाली होत्या, त्या मात्र तिनं टेबलावर आणल्या नाहीत. लोक वास घेत होते आणि शिष्टाचारानं गप्प होते.

यार्को खुशीत होता. आपण उद्या निघतो, पिल्लू नेहमीसारखं ठेवून जातो, मुलांना सांगितलंय की ते हिवाळ्यात काकूंकडे सुट्टीला जातं, असं त्यानं सांगितलं. दोघंतिघं हसली.

"मागच्या वर्षीचं कुठे आहे, ते विचार ना," राकेल म्हणाली.

"पिवळं? कोठारात असेल."

"माझ्या बागेत आहे, मातीखाली. मी घरी नव्हते यार्को. नाताळापर्यंत नव्हते. तू विचारलं नाहीस. ते तुझ्या दाराला नाक लावून बसल्या जागी गोठलं."

पिरितानं कप खाली ठेवला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तू सांगून आला होतास ना, काकूंना खायचं सामान देऊन आला होतास ना, असं तिनं हळूच विचारलं. यार्कोनं तिची नजर टाळली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग कठीण झाला.

"मांजर आहे ते," तो म्हणाला. "जनावर आहे. त्याला उंदीर मारता येतात. आणि तुम्हीच सांगा काकू, तुमच्या वडिलांच्या काळी काय करत होते? पोत्यात घालून तळ्यात बुडवत होते पिल्लं. तेव्हा नाही कोणी सभा भरवल्या!"

"बुडवत होते," हेल्वी म्हणाली. "वाईटच करत होते. पण स्वतःच्या हातानं करायचे, आणि त्या दिवशी घरात कोणी धड जेवायचं नाही. तुला हात कोरडे हवेत. मारायचं काम थंडीनं करायचं, पुरायचं काम राकेलनं करायचं, आणि तू म्हणायचं, असेल कोठारात. डोळे मिटून दूध पिणारं खरं मांजर तू आहेस, बाबा."

यार्को उठला. त्याची खुर्ची भिंतीवर आदळली. तो हेल्वीशी नाही, राकेलशी बोलला.

"इतकी वर्षं तुम्ही खायला घातलंत. हसत घातलंत. एकदा तरी तोंड उघडलंत? जूनमध्ये मी विचारलं तेव्हा काय म्हणालात? मला कसं कळणार होतं?"

हा घाव बरोबर बसला. राकेलनं टेबलाची कड धरली. तिचा खुबा ठणकत होता. आणि आत्तापर्यंत जो राग पिठावर, नणंदेवर, शेजाऱ्यावर धावत होता, तो अखेर आपल्या घरी परत आला.

"ते खरं आहे," ती म्हणाली. "मी गप्प बसले, ती माझी चूक. मी पाव देत राहिले आणि तू मांजरं सोडत राहिलास. आज ते संपलं. यंदा मीही इथे नाही. पिल्लू सोडलंस, तर ते मरणार हे ठाऊक असून सोडशील. आता कळत नव्हतं म्हणायची सोय नाही. तुलाही नाही आणि इथे बसलेल्या कोणालाच नाही."

बाकीची मंडळी मूग गिळून कपात बघत होती. त्यातल्या निदान तिघांच्या अंगणात त्या क्षणी एकेक उन्हाळी पिल्लू फिरत होतं. यार्को ओले बूट पायात कोंबून निघून गेला. पिरिता रडत त्याच्या मागे गेली. मग महिन्याला एखादं वाक्य बोलणारा आर्मास उठला, फडकं काढून त्यानं पावाचा तुकडा तोडला आणि म्हणाला, "बरं झालं." एवढंच. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राकेल बागेत डेलियाचे कंद उपटत होती. हाताला काम हवं म्हणून. शेजारी गाडी भरून उभी होती. पिल्लू ओट्यावर ऊन खात पडलं होतं, दाराशी, नेमकं तिथेच. राकेलनं मनाशी ठरवलं होतं की गाडी निघून गेली आणि पिल्लू राहिलं तर ती उचलून आणील, खुबा-बिबा काही बघणार नाही. पण मग हेल्वीचे शब्द आठवायचे, आणि ती कंदाला आणखी एक हिसका द्यायची.

कुंपणाचं फाटक वाजलं. यार्को आला होता. दाढी केलेली नव्हती.

"कुठे आहे ते?" त्यानं विचारलं.

तिनं गूझबेरीच्या झुडपाकडे बोट केलं. तिथे तिनं एक चपटा दगड ठेवला होता. यार्को दगडापाशी जाऊन उभा राहिला. मग तिच्याकडे न बघताच बोलायला लागला. घरी सोफा नवा आहे. हिवाळ्यात दोन आठवडे परदेशी जायचं असतं. मांजर कोणाकडे ठेवायचं, हा विचार नको असतो. "आणि विचार केला तर सोडून जाताच येणार नाही ना," तो म्हणाला. "म्हणून करायचाच नाही."

राकेल कंदांची माती झटकत राहिली. इतकी वर्षं गप्प बसणं चूक होतं, आज ते योग्य होतं.

"झाकणाची टोपली आहे का एखादी?" त्यानं विचारलं.

आमच्याकडचे पुरुष माफी मागत नाहीत, टोपली मागतात. राकेल लंगडत आत गेली आणि मश्रूम आणायची झाकणाची मोठी टोपली घेऊन आली. पिल्लू आत जाताना यार्कोच्या मनगटावर ओरखडा काढून गेलं.

"गाडीत घाण करेल हे."

"करेल. धू."

"किती वर्षं जगतं मांजर?"

"पंधरा. अठराही. मोठी मुलगी लग्नाला येईल तेव्हाही ते तुझ्या सोफ्यावरच असेल."

त्यानं मान डोलावली. गाडी निघाली तेव्हा तिच्या काचांतून मुलांचा आनंद आणि मांजराचा आक्रोश एकदमच ऐकू आला. पिरितानं हात केला. राकेलनंही केला.

हेल्वीला वाटलं, आता बाई शांत होईल. कुठली शांत! राकेलनं हात धुतले, काठी घेतली आणि काठावरच्या तिसऱ्या घराची वाट धरली. त्या पायऱ्यांवरही एक काळं पिल्लू खेळत होतं आणि त्या घरासमोरही गाडी भरली जात होती. तिच्या हातात या वेळी पाव नव्हता. रागाला एवढा चांगला रस्ता सापडल्यावर तो वाया कशाला घालवायचा?

वाचकहो, तुमच्या आळीत उन्हाळी मांजर नसेल. पण हौस फिटली म्हणून रस्त्यावर सोडलेलं एखादं कुत्रं असेल, आणि त्याला रोज चपाती घालणारी एखादी सज्जन बाईही असेल. जिवंत प्राणी घरात आणायचा तर त्याच्या सगळ्या ऋतूंसाठी आणावा. हे ज्याला जमत नाही त्यानं मुलांना चेंडू घेऊन द्यावा. आणि जो हे उघड्या डोळ्यांनी बघतो, पदरचं खायला घालतो, पण सोडणाऱ्याला एक शब्द बोलत नाही, त्यानं आपल्या दयेचा फार अभिमान बाळगू नये. मुकी दया दोषी माणसाच्याच कामी येते. जनावराला बोलता येत नाही. आपल्याला येतं, म्हणून बोलायचं काम आपलं आहे.

राकेलनं तिसऱ्या घराचं दार काठीनंच ठोठावलं.