मंत्रिमंडळाच्या तक्त्याची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. जाड कापडाचा, साडेपाच फूट लांब, वर-खाली लाकडी दांडी असलेला. अमेरिकेचा सगळा कारभार हाकणारी मंडळी माझ्या अंगावर राहायची. हल्ली माझा मुक्काम विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत, व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या पाठीशी आहे. पायउतार झालेल्या सरकारांना याहून बरी जागा मिळते, असं ऐकून आहे.

माझा जन्म १९६८ सालचा. ड्रेगरबाईंनी नुकती नोकरी धरली होती आणि शाळेने त्यांना नागरिकशास्त्र दिलं होतं, कारण दुसरं कोणी ते घेत नव्हतं. बाईंनी मला मागवून घेतलं. वर राष्ट्राध्यक्षांचं वर्तुळ, त्याखाली उपराष्ट्राध्यक्ष आणि त्याखाली बारा खात्यांचे बारा खिसे. खिशात मंत्र्याच्या नावाची चिठ्ठी. खिशावर तांबडा आकडा. वरच्यांचं काही बरंवाईट झालं तर खुर्चीवर बसायची पाळी कितवी, ते तो आकडा सांगायचा.

सरकार स्थिर असतं असं मला छापताना वाटलं होतं. तीनच वर्षांत टपालखातं मंत्रिमंडळातून गेलं आणि बाईंनी कात्री घेतली. पुढे ऊर्जाखातं आलं, मग शिक्षणखातं, मग माजी सैनिकांचं. प्रत्येक वेळी मला ठिगळ लागलं. ऊर्जाखातं बाईंच्या जुन्या पडद्याचं आहे आणि शिक्षणखातं उशीच्या अभ्र्याचं. खऱ्या खात्यांना थोडा जास्त खर्च आला म्हणे. मंत्र्यांच्या चिठ्ठ्या तर इतक्या वेळा बदलल्या, की काही खिशांचे काठ विरले. कोण राजीनामा देऊन गेलं आणि कोणाला जायला सांगितलं, हे चिठ्ठीवर लिहायची पद्धत नव्हती.

बाई शिकवायच्या मात्र झकास. दर सप्टेंबरात आठवी 'अ'च्या वर्गातून राष्ट्राध्यक्ष निवडला जाई. तो आपले मंत्री नेमी. मग शेजारची आठवी 'ब' सीनेट म्हणून येऊन बसे आणि एकेका मंत्र्याला उभं करून प्रश्न विचारी. सीनेटने मान डोलावली, तरच चिठ्ठी माझ्या खिशात जायची. उरलेली मुलं राष्ट्राध्यक्षांची सल्लागार होत. त्यांना काम काहीच नसे, त्यामुळे ती सगळ्यात जास्त बोलत. दर शुक्रवारी मंत्रिमंडळाची बैठक भरे. मी भिंतीवरून सगळं पाही आणि स्वतःला देशाचा कणा समजे. पालक यायचे, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. माझे ते दिवस चांगले होते.

आता जे सांगणार आहे, ते १९९३ सालच्या वर्गाचं.

त्या वर्षी कृषिखात्याला पाकू थाओ नावाची मुलगी आली. ह्मोंग लोकांतली. लाओसमधल्या लढाईनंतर तिची आई मेकाँग नदी ओलांडून थायलंडला गेली, तिथल्या निर्वासितांच्या छावणीत पाकू जन्मली आणि चार वर्षांची असताना इथे आली. आई टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला होती. मुलगी वर्गात फारशी बोलत नसे, पण सीनेटपुढे उभी राहिली तेव्हा एका सिनेटरने पाय पसरून विचारलं, "शेतीतलं तुला कळतं तरी काय?"

"काकड्या, मिरच्या आणि कोथिंबीर," पाकू म्हणाली. "शनिवारच्या बाजारात आमचं टेबल असतं. तुझी आई दर वेळी भावावरून वाद घालते आणि शेवटी दोन मिरच्या फुकट उचलते."

सीनेटने तिला एकमताने मंजुरी दिली. तो सिनेटरसुद्धा हात वर करून बसला होता.

जानेवारीत बाईंचा मोठा कार्यक्रम असे. राष्ट्राध्यक्ष संसदेपुढे वर्षाचं भाषण करतात, तेव्हा सगळे मंत्री एका छताखाली असतात. छतच कोसळलं तर देशाला कोणी उरायला हवं, म्हणून एका मंत्र्याला मुद्दाम लांब ठेवतात. खऱ्या सरकारात त्या मंत्र्याला तेवढा एक दिवस महत्त्व येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव कोणाला आठवत नाही. बाईंच्या वर्गात मात्र छत दरवर्षी कोसळायचं. व्यायामशाळेत पालकांसमोर टेपवर भोंगा वाजे, सगळे मंत्री टेबलावर माना टाकत, आणि वाचनालयात लपवलेला एक मंत्री कोट चढवून येई, शपथ घेई आणि भाषण करी. त्याच्यासाठी आधी चिठ्ठी काढत. ती चिठ्ठी आपली निघावी म्हणून मुलं सप्टेंबरपासून झुरत.

त्या वर्षी ती पाकूची निघाली. सोमवार होता. भाषण गुरुवारी दुपारी. मंगळवारी ती दोन पानं लिहून घेऊन आली आणि बाईंना म्हणाली, "आईनं कारखान्यातली गुरुवारची पाळी बदलून घेतलीये. ती शाळेत कधीच आलेली नाही, मिसेस ड्रेगर. भाषण कुठे उभं राहून करायचं, तेवढं दाखवाल?" बाईंनी जागा दाखवली. खडूने खूणही केली.

बुधवारी डर्क नीलंडने हात वर केला. डर्क न्यायमंत्री होता. वाईट मुलगा नव्हता, फक्त खात्याचं काम मनावर घेतलं होतं त्याने.

"मिसेस ड्रेगर, कायद्याची एक अडचण आहे."

"बोला, न्यायमंत्री."

"पाकू इथे जन्मलेली नाही. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय, राष्ट्राध्यक्ष जन्मानं नागरिक लागतो. मग तिला लपवून उपयोग काय? बाकी सगळे गेले तरी तिला बसता येणार नाही."

"गप बस ना, डर्क," मागून कोणीतरी म्हणालं.

"मी काय केलं? तिथे छापलंय."

छापलं होतंच. माझ्या तळाशी, बारीक अक्षरात. पंचवीस वर्षं बाई मुलांना सांगत आल्या होत्या की आपल्या मताला इथे किंमत नाही, काय लिहिलंय ते वाचा. आता मुलाने वाचलं होतं. बाईंनी छडी माझ्या तळाशी टेकवली आणि बराच वेळ तशीच धरली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाकू, नियम माझा नाही. घटनेतच तसं आहे."

"मग मी मंत्री राहते का?"

"अर्थात. मंत्री व्हायला काही आडकाठी नाही."

"म्हणजे मंत्री म्हणून चालते," पाकू म्हणाली. "सगळे मेल्यावर मागे उरलेली चालत नाही."

मुलं हसली. तिने विनोद केला असं त्यांना वाटलं. बाईही थोड्या हसल्या. पुन्हा चिठ्ठी काढली आणि ती वाहतूकमंत्री रँडी क्लुगची निघाली.

"आईला निरोप दे, नाही आली तरी चालेल," बाई जरा वेळाने म्हणाल्या.

"पाळी बदलून झालीये, मिसेस ड्रेगर. आता ती येणारच."

गुरुवारी मला व्यासपीठामागे टांगलं होतं. पाकूची आई पहिल्या रांगेत, नव्या वर्षाला काढायचे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून बसली होती. भोंगा वाजला. मंत्रिमंडळाने माना टाकल्या, पाकूनेही. रँडी बर्फातला जाड कोट घालून आला. मुख्याध्यापकांनी त्याला शपथ दिली. भाषणात त्याने रस्त्यावरच्या खड्ड्यांवर टीका केली आणि जेवणघरात सोड्याचं यंत्र बसवण्याचं वचन दिलं. तेरा वर्षांचा राष्ट्राध्यक्ष बघून सगळे पालक कौतुकाने उभे राहिले. पाकूची आईसुद्धा उभी राहिली. ती टाळ्या वाजवत होती, पण बघत होती टेबलावर टाकलेल्या एका मानेकडे.

कार्यक्रम संपल्यावर ती व्यासपीठाशी आली आणि आपल्या भाषेत काही म्हणाली.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"विचारतेय, मला मान खाली घालायला का लावली. मी काही गुन्हा केलाय का."

"सांग त्यांना, तू कृषिमंत्री होतीस."

पाकूने आईला दोन शब्दांत काहीतरी सांगितलं. आईने बाईंना वाकून नमस्कार केला आणि मुलीच्या कोटाची बटणं लावून दिली.

"एवढ्यात सांगून झालं?" बाईंनी विचारलं.

"डोकं दुखत होतं म्हटलं."

जूनमध्ये शाळेचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी मला उतरवून पुसायचं काम असे, त्याला पाकू आपणहून थांबली. इतर मुलं सुट्टीच्या नावाने पसार झाली होती. बाई खालून वर पुसत होत्या. शेवटच्या ओळीवर त्यांचं फडकं थांबलं.

मित्रांनो, त्या ओळीत तीन अटी होत्या. जन्माने नागरिक. वय किमान पस्तीस. देशात किमान चौदा वर्षं वास्तव्य. बाईंना त्या पाठ होत्या. दरवर्षी परीक्षेत चौथा प्रश्न तोच असे. म्हणजे मंत्रिमंडळ लटकं, सीनेट लटकी, शपथ लटकी, कोसळलेलं छत लटकं, रँडीची पस्तीस वर्षंही लटकी. त्या सगळ्यात एकच गोष्ट खरी धरली गेली होती, ती म्हणजे एका मुलीचा जन्म.

बाई बाकावर बसल्या. "पाकू, इकडे ये. ही ओळ वाच."

"वाचलीये."

"कधी?"

"डर्क बोलत होता तेव्हाच."

"रँडी तेरा वर्षांचा आहे."

"हो. डर्कपण."

"मग तू बोलली का नाहीस?"

पाकू माझी खालची दांडी धरून उभी होती. "मला वाटलं, तुम्ही बोलाल," ती म्हणाली. "तुम्ही छडी तिथेच धरली होती ना. मी वाट बघत होते."

बाईंनी तिची माफी मागितली. इंग्रजीत, नीट, पूर्ण वाक्यात. "असू दे, मिसेस ड्रेगर," असं म्हणून पाकूने दांडी फिरवायला सुरुवात केली, आणि त्या दोघींनी मिळून मला गुंडाळलं. पुढल्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली. बाईंनी मला पुन्हा कधी भिंतीवर लावलं नाही. माझ्या जागी गुळगुळीत प्लास्टिकचा तक्ता आला. त्याला खिसे नाहीत, चिठ्ठ्या नाहीत आणि तळाला ती ओळही नाही. त्यामुळे आता तशी चूक कोणाला सापडण्याची भीती उरलेली नाही.

रीतीप्रमाणे मी तुम्हाला माझी निगा राखा म्हणायला हवं. धूळ झटकलीत तर बरं वाटेल, पण कापडाला ठिगळ लावता येतं, माझं त्यावाचून अडलेलं नाही. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कोणी हातात छडी घेऊन वर्गापुढे उभं राहील. तेव्हा मुलांना लुटुपुटीचं सरकार जरूर चालवू द्या. फक्त खेळातलं खोटं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येऊ द्या. माझ्यावर तिन्ही अटी एकाच मापाच्या अक्षरात छापलेल्या होत्या. त्यातली कोणती मोठ्याने वाचायची, हे माणसांनी ठरवलं.